दोन पाळ्यांमधली पुस्तके

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचे मशीन शॉप आहे. आजूबाजूच्या फाउंड्र्यांमधून येणाऱ्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, टर्निंग, मिलिंग आणि ड्रिलिंग करून तो माल पंप, ट्रॅक्टर आणि मोटारींचे भाग जुळवणाऱ्या कारखान्यांना पाठवायचा, हा आमचा धंदा. माणसे पन्नासच्या आत, यंत्रे दोन पाळ्यांत चालतात, आणि बँक, जीएसटीचा सल्लागार, वेळेवर न आलेले कास्टिंग, ग्राहकाच्या क्वालिटी विभागाचा फोन आणि एखाद्या ऑपरेटरच्या घरचे लग्न या सगळ्यांना एकाच दिवसात पुरे पडणे हे मालक म्हणून माझे काम. अशा माणसाने वाचले पाहिजे असे सांगणारे पुष्कळ भेटतात. काय वाचावे आणि केव्हा वाचावे हे सांगणारे फारसे भेटत नाहीत. गेली काही वर्षे मी साधारण दोनशे पानांच्या आतलीच पुस्तके ठरवून वाचत आलो आहे. त्या वाचनाचे पुढे कारखान्यात काय झाले, त्याची ही हकीकत आहे.

छोट्या पुस्तकांचा आग्रह वेळ वाचवण्यासाठी नव्हता. जाड पुस्तकाची अडचण अशी असते की तिसऱ्या प्रकरणाशी आल्यावर कारखान्यात काहीतरी निघते, आठ-पंधरा दिवस पुस्तक उघडले जात नाही, आणि पुन्हा हातात घ्यावे तर लेखकाने मांडत आणलेला मुद्दा डोक्यातून गेलेला असतो. छोटे पुस्तक धागा तुटण्याच्या आत संपते आणि, जे मला अधिक महत्त्वाचे वाटते, ते दुसऱ्यांदा वाचता येते. म्हणून मी अशी रीत ठेवली की पहिल्यांदा पुस्तक खुणा न करता सलग वाचायचे आणि दुसऱ्यांदा कारखान्यातला एखादा अडलेला प्रश्न समोर ठेवून वाचायचे. दुसऱ्या वाचनानंतर एका पाठकोऱ्या कागदावर, या पुस्तकामुळे कारखान्यात कोणती एक गोष्ट बदलून पाहायची, ते लिहायचे. काहीच लिहिण्यासारखे निघाले नाही तर पुस्तक कोणाला तरी देऊन टाकायचे. वाचनाची वेळ पहिली पाळी सुटून दुसऱ्या पाळीचे सेटिंग चालू असते त्या अर्ध्या-पाऊण तासाची, कारण तेवढ्या वेळात ऑफिसात कोणी फिरकत नाही. पुस्तके काही विकत घेतली, काही करवीर नगर वाचन मंदिरातून आणली; १८५० साली सुरू झालेल्या या वाचनालयात व्यवस्थापनाच्या कपाटापेक्षा इतिहासाचे कपाट मला अधिक उपयोगी पडले, ते का ते पुढे येईलच.

सुरुवात बहुतेकांची जिथून होते तिथूनच माझी झाली. केनेथ ब्लँचर्ड आणि स्पेन्सर जॉन्सन यांचे 'द वन मिनिट मॅनेजर' हे १९८२ सालचे पुस्तक एका बैठकीत संपते. उद्दिष्ट एका पानात मावेल असे लिहून द्यावे, चांगले काम दिसताच तिथल्या तिथे सांगावे आणि चूक दिसली तर तीही तिथेच, थोडक्यात बोलून संपवावी, एवढाच त्याचा आशय. आमच्या सुपरवायझरच्या कामाची व्याप्ती तोपर्यंत कुठेही लिहिलेली नव्हती, ती या पुस्तकामुळे एका पानावर आली. पण मला अधिक बोलकी वाटली ती २०१५ च्या सुधारित आवृत्तीतली एक दुरुस्ती. पहिल्या आवृत्तीत जिथे खरडपट्टी होती तिथे नव्या आवृत्तीत माणसाला पुन्हा योग्य दिशेला लावणे आले. ज्याला काम येत असून त्याने हयगय केली आणि ज्याला काम कोणी शिकवलेलेच नाही, अशा दोघांच्या हातून टूल सारखेच तुटते. रागावण्याचा उपयोग झालाच तर पहिल्याच्या बाबतीत होतो. याच स्पेन्सर जॉन्सन यांचे 'हू मूव्हड माय चीज?' हे १९९८ सालचे पुस्तक मात्र मी देऊन टाकले. चीज हलले असेल तर कुरकुर न करता नवे शोधायला निघावे, हा उपदेश मालकाने स्वतःला करून घ्यायला ठीक आहे. परंतु ज्याच्या पुढ्यातले चीज हलवले गेले त्याला ते कोणी आणि का हलवले हे विचारण्याचा अधिकार असतो आणि त्या पुस्तकात त्या प्रश्नाला जागाच नाही. एल्बर्ट हबर्ड यांचा 'अ मेसेज टू गार्सिया' हा १८९९ चा निबंधही याच जातीचा. एकही प्रश्न न विचारता सांगितलेले काम तडीस नेणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याची ती कथा आहे, आणि एका अमेरिकन रेल्वे कंपनीने तिच्या प्रती प्रचंड संख्येने छापून वाटल्या. मालक लोक जे पुस्तक स्वतःसाठी कमी आणि नोकरांना वाटण्यासाठी अधिक विकत घेतात, त्याच्याकडे थोडे सावधपणे पाहावे असे माझे मत झाले आहे.

खरे काम सुरू झाले ते व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या पीटर ड्रकर यांच्या 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह' या १९६७ सालच्या पुस्तकापासून. ड्रकर सांगतात की कामांच्या यादीपासून सुरुवात करू नये, आपला वेळ प्रत्यक्षात कुठे जातो तिथून करावी. आणि तो कुठे जातो हे स्मरणावर विसंबून ठरवू नये, त्याची नोंद ठेवावी. या संदर्भात त्यांनी एका कंपनीच्या अध्यक्षाचे उदाहरण दिले आहे. आपला वेळ वरिष्ठ सहकारी, मोठे ग्राहक आणि सार्वजनिक कामे अशा तीन भागांत जातो अशी त्या गृहस्थांची खात्री होती. सहा आठवडे नोंद ठेवल्यावर दिसले की या तिन्हींना त्यांचा वेळ जवळजवळ मिळतच नव्हता. ओळखीच्या ग्राहकांच्या ऑर्डरी कुठवर आल्या याचा पाठपुरावा करण्यात आणि त्यासाठी कारखान्यात फोन करून लोकांना भंडावण्यात त्यांचे बहुतेक तास खर्च होत होते. साहेबांना मात्र त्या नोंदीवर विश्वास ठेवायला वेळ लागला.

मी डिस्पॅच पाहणाऱ्या मुलाला माझी अशीच नोंद ठेवायला सांगितली. नोंद स्वतः ठेवली तर माणूस नकळत शहाण्यासारखा वागू लागतो, म्हणून ती दुसऱ्याकडे सोपवली. कागद हाती आला तेव्हा मोठ्या अमेरिकन कंपनीचा अध्यक्ष आणि शिरोलीतला छोटा कारखानदार यांच्यात काही फरक उरला नाही. 'माल निघाला का', 'गाडी कुठे आहे', 'चलन बनले का' या तीन प्रश्नांनी माझ्या दिवसाचा मोठा भाग व्यापलेला होता आणि त्यातले बहुतेक प्रश्न मी ज्याला विचारत होतो तोच ती नोंद लिहीत होता. आम्ही ठरवले की डिस्पॅचकडून प्रत्येक ग्राहकाच्या पर्चेस विभागाला दिवसातून दोनदा मालाची स्थिती व्हॉट्सअॅपवर जाईल आणि त्याबाबतचा फोन माझ्याकडे येणार नाही. दोन जुन्या ग्राहकांना हे रुचले नाही. मालकाशी बोलायचे ते बोलायचेच, असे त्यांनी कळवले, आणि त्यांच्यासाठी आजही मीच फोन घेतो. बाकीच्यांचे फोन थांबले. त्यातून मोकळा झालेला वेळ लगेच कोणत्या मोठ्या विचारात गेला असे नाही. तो प्रथम दरपत्रके नीट तपासण्यात गेला, आणि त्यात काही जॉब आम्ही इन्सर्टच्या, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या बदलत्या टोकाच्या, खर्चापेक्षाही कमी दरात करत आहोत असे आढळले.

ड्रकर यांचे 'मॅनेजिंग वनसेल्फ' हे तर त्याहून लहान. १९९९ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त आलेला हा लेख पुढे पुस्तिकेच्या रूपात निघाला. त्यातला एक मुद्दा मला वारंवार उपयोगी पडला आहे: काही माणसांना गोष्ट वाचून कळते, काहींना ऐकून, आणि आपण यांपैकी कोण आहोत हे फार थोड्यांना ठाऊक असते. आयसेनहॉवर युरोपात सरसेनापती असताना पत्रकार परिषदा गाजवीत, कारण वार्ताहरांचे प्रश्न त्यांच्यापुढे आधीच लेखी ठेवले जात. तेच राष्ट्राध्यक्ष झाल्यावर रूझवेल्ट आणि ट्रूमन या ऐकून उत्तर देणाऱ्यांची पद्धत पुढे चालवू लागले आणि अडखळले. लिंडन जॉन्सन यांचे नेमके उलटे झाले, असे ड्रकर म्हणतात. ते ऐकणारे, आणि त्यांनी कर्मचारी ठेवले ते वाचक असलेल्या केनेडींच्या वेळचे, लिहून देणारे. माझा धाकटा भाऊ कारखान्यात भागीदार आहे. त्याला मी वर्षानुवर्षे कागद लिहून देत होतो आणि तो ते वाचत नाही म्हणून आमची कुरबूर चालू होती. तो ऐकणारा माणूस आहे हे एकदा ध्यानात आल्यावर मी त्याला कागद देणे बंद केले. आता गाडीतून जाता-येता बोलतो. तो मला तोंडी सांगायचा, ते सर्व आता व्हॉइस मेसेजऐवजी टाइप करून पाठवतो, आणि त्याची ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढायची नाही एवढे पथ्य मी पाळतो.

या भावाबरोबरच्या साप्ताहिक बैठकीला सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांचा मोठा उपयोग झाला. पार्किन्सन हे नाविक इतिहासाचे अभ्यासक. त्यांचा मूळ निबंध १९५५ साली 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये आला आणि त्याभोवती लिहिलेले 'पार्किन्सन्स लॉ' हे पुस्तक पुढच्या काही वर्षांत निघाले. उपलब्ध वेळ भरून निघेल इतके काम फुगत जाते, हे त्यातले वाक्य सर्वांना माहीत असते. त्यामागचे आकडे मात्र फारसे कोणी सांगत नाही. १९१४ ते १९२८ या काळात ब्रिटिश आरमारातील सेवेत असलेली मोठी लढाऊ जहाजे ६२ वरून २० वर आली आणि त्याच काळात अॅडमिरल्टीतील, म्हणजे आरमाराच्या कचेरीतील, अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. जहाजे दोन-तृतीयांशाने घटली आणि कचेरी तीन-चतुर्थांशाहून अधिक वाढली. हसू येते, पण कारखान्यात जुन्या ग्राहकाचा एखादा भाग बंद झाल्यावर त्याच्यासाठी सुरू केलेली रजिस्टरे मात्र चालूच राहतात, हे आठवले की हसू थोडे आवरते घ्यावे लागते.

पण मला कामाचे वाटले ते वित्त समितीवरचे प्रकरण. एक कोटी पौंडांच्या अणुभट्टीचा विषय समितीपुढे येतो आणि अडीच मिनिटांत मंजूर होतो, कारण अणुभट्टी म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे त्यांना बाकीच्यांना कुठून समजवायला सुरुवात करावी हे कळत नाही. त्यानंतर काही शे पौंडांची सायकलशेड येते, तिचे छप्पर कशाचे असावे यावर पाऊण तास चर्चा चालते. आणि शेवटी बैठकीतल्या चहापानाचा क्षुल्लक खर्च येतो, त्यावर सर्वांत अधिक. आमच्या बैठकीत नवा व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारे मिलिंगचे मोठे यंत्र, घेण्याचा विषय असाच चहा येण्याच्या आत संपला होता, आणि हेल्परांना बूट कोणत्या दुकानातून घ्यायचे यावर संध्याकाळ झाली होती. पार्किन्सन उपाय सांगत नाहीत, ते फक्त दाखवतात. उपाय आपला आपण काढावा लागतो. आम्ही एवढेच केले की ठरावीक रकमेच्या वरचा कोणताही विषय ज्या बैठकीत प्रथम मांडला त्या बैठकीत मंजूर करायचा नाही, आणि पुढच्या बैठकीत, ज्याने तो विषय मांडलेला नाही अशा कोणीतरी त्याच्या विरुद्ध बोलायचे. व्हीएमसी आम्ही पुढे घेतलाच, पण विरोध करायला बसलेल्या अकाउंटंटने असे विचारले की या यंत्राला रोज किती तास काम आहे हे कोणी मोजले आहे का, आणि त्या प्रश्नापायी आम्ही एक आकार लहान यंत्र घेतले. बुटांचा विषय सुपरवायझरकडे कायमचा सोपवला.

सर्वांत जास्त दिवस कारखान्यात राहिले ते अतुल गावंडे यांचे 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो'. गावंडे हे अमेरिकेतील शल्यचिकित्सक. घराणे मूळचे आपल्या विदर्भातले. २००९ सालचे हे पुस्तक दोनशे पानांच्या आसपासचे आहे आणि त्यात मुख्यतः शस्त्रक्रिया, विमाने आणि उंच इमारतींचे बांधकाम येते. मशीन शॉप कुठेच येत नाही. तरी त्याची सुरुवातीची एक हकीकत सेटर लोकांना, म्हणजे यंत्रावर काम लावून देणाऱ्या कारागिरांना, मी सांगितली तेव्हा ते यंत्रे सोडून ऐकत उभे राहिले. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन येथे बोइंगच्या 'मॉडेल २९९' या नव्या बॉम्बर विमानाची चाचणी होती. विमान वर चढले, कलले आणि कोसळले. पाच जणांपैकी दोघे गेले, त्यात वैमानिक मेजर प्लोयर हिल होते. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. उड्डाणापूर्वी नियंत्रणाचे एक कुलूप काढायचे राहिले होते, आणि ते राहिले होते अनुभवी माणसाकडून. वर्तमानपत्रांनी लिहिले की हे विमान एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. चाचणी वैमानिकांनी अधिक प्रशिक्षण मागितले नाही. त्यांनी एक छोटी यादी केली, उड्डाणापूर्वी, उतरण्यापूर्वी आणि जमिनीवर चालवण्यापूर्वी तपासायच्या गोष्टींची. पुढे ही विमाने अठरा लाख मैल एकाही अपघाताशिवाय उडाली.

चेकलिस्ट आमच्याकडे नव्हती असे नाही. ग्राहकाच्या ऑडिटसाठी केलेली भलीमोठी होती, आणि ती पाळी संपताना एकाच पेनने, एकाच झटक्यात भरली जात असे. सगळ्या वसाहतीत ती तशीच भरली जाते. गावंडे यांनी चांगल्या आणि वाईट यादीत केलेला फरक इथे कामी आला. चांगली यादी लहान असते, पाच ते नऊ ओळींची. ती ज्यांना काम करायचे आहे त्यांनीच केलेली असते. त्यात सर्व पायऱ्या नसतात, फक्त चुकल्यास घात होईल अशाच असतात. आणि ती कोणत्या क्षणी थांबून पाहायची तो क्षण ठरलेला असतो. याशिवाय एक भेद त्यांनी विमानवाल्यांकडून घेतला आहे. एक यादी वाचत वाचत तसतसे करायची असते, दुसरी आधी आपल्या पद्धतीने काम करून मग थांबून ताडून पाहायची असते. मी सेटरपुढे दोन्ही ठेवल्या. पहिली त्यांनी लगेच फेटाळली. त्यांच्यातला सर्वांत जुना सेटर म्हणाला, "मालक, वाचून वाचून सेटिंग करायला आमी काय शिकाऊ हाय का? आमचं आमी करतो, मग तुमचा कागद बगतो."

त्याचे बरोबर होते. यादी त्यांनीच केली आणि ती बराच काळ बदलत राहिली. आज ती अशी आहे: ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक जॉबकार्डाशी जुळतो का, प्रोग्राम त्याच रिव्हिजनचा आहे का, ऑफसेट (टूलच्या मापाचा फरक) यंत्रात टाकला का, इन्सर्टचा कोपरा नवा आहे का, क्लॅम्पचा दाब ठीक आहे का, आणि पहिला नग गेजवर लावून दुसऱ्या माणसाने सही केली का. कूलंटची ओळ त्यांनी काढून टाकली, कारण कूलंट नसेल तर ते कानाला आणि नाकाला कळते असे त्यांचे म्हणणे होते, आणि मला ते पटले. शेवटची ओळ मात्र वादाची ठरली. पहिल्या नगावर सही दुसऱ्याने करायची म्हणजे कित्येकदा हेल्परने करायची, आणि हेल्परने सही केली नाही तर सेटरने बटण दाबायचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेच्या यादीत हाच प्रश्न परिचारिकेच्या बाबतीत उभा राहिला होता, हे मी त्यांना सांगितले. १९ मुद्द्यांची ती यादी जगभरच्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली तेव्हा मोठ्या गुंतागुंती ३६ टक्क्यांनी आणि मृत्यू ४७ टक्क्यांनी कमी झाले. आणि त्यातला एक मुद्दा केवळ एवढाच होता की खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे. ज्याने एकदा तोंड उघडले आहे तो पुढे काही चुकीचे दिसले तर बोलतो. आकडे ऐकून सेटर वरमले नाहीत. त्यांना पटले ते वेगळ्याच कारणाने. दुसऱ्याची सही असली की रिजेक्शनचा सगळा दोष एकट्या सेटरच्या डोक्यावर येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. कारण काहीही असो, जुन्या रिव्हिजनच्या प्रोग्रामवर पेटीभर माल निघून जाण्याचे प्रकार त्यानंतर क्वचितच घडले. ऑडिटची लांबलचक यादी अजून आहे आणि ती अजूनही पाळी संपताना एका झटक्यात भरली जाते.

इंग्रज लेखक जॉन रस्किन यांच्या 'अंटू धिस लास्ट'कडे मी व्यवस्थापनाचे पुस्तक म्हणून गेलो नव्हतो. २०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली, फाउंड्र्यांनी पाळ्या कमी केल्या, आणि आमच्याकडेही दुसरी पाळी ठेवावी की नाही हा विषय घरात आणि कारखान्यात चालू होता. गांधीजींच्या आत्मकथेतला एक तपशील तेव्हा आठवला. १९०४ साली ते जोहान्सबर्गहून दरबानला निघाले होते ते 'इंडियन ओपिनियन'चा छापखाना तोट्यात चालला आहे असा अहवाल आला म्हणून; म्हणजे धंद्याच्या अडचणीतूनच निघाले होते. स्टेशनवर हेन्री पोलाक यांनी त्यांच्या हाती हे पुस्तक दिले, चोवीस तासांच्या प्रवासात ते त्यांनी संपवले, आणि छापखाना शहराबाहेर शेतावर हलवून सर्वांनी सारखे वेतन घेण्याचे ठरवले. तोट्यातल्या धंद्याच्या मालकाने गाडीत वाचून संपवलेले पुस्तक आपणही वाचावे असे वाटले. मूळ चार निबंध १८६० साली 'कॉर्नहिल मॅगझीन'मध्ये आले आणि वाचकांच्या संतापामुळे तिथेच थांबवावे लागले. पुस्तक १८६२ चे.

चार निबंधांपैकी धंदेवाईकाने पहिला वाचला तरी पुरे. रस्किन विचारतात की सैनिकाला मान आहे आणि व्यापाऱ्याला नाही, असे का? सैनिक, धर्मोपदेशक, वैद्य, वकील आणि व्यापारी हे पाच धंदे प्रत्येक राष्ट्रात असतात, आणि पहिल्या चौघांबाबत लोकांना ठाऊक असते की प्रसंग आला तर त्यांनी कशासाठी मरावे. सैनिकाने मोर्चा सोडण्यापेक्षा, वैद्याने साथीत रोगी सोडण्यापेक्षा. व्यापाऱ्याने कशासाठी मरावे? त्यांचे उत्तर असे की समाजाला लागणारी वस्तू चोख पुरवणे हे त्याचे कर्तव्य आहे, नफा हे त्या कर्तव्याचे आनुषंगिक फळ, जसे वैद्याला मानधन. आणि जहाज बुडताना कप्तान जसा शेवटी उतरतो तसे संकटात मालकाने नोकरांहून अधिक सोसले पाहिजे. हे वाचून मी भावाशी बोललो. तो म्हणाला, "दादा, कप्तान शेवटी उतरतो हे खरं, पण जहाजाचा हप्ता त्याच्या नावावर नसतो." या युक्तिवादाला माझ्याकडे अजूनही चोख उत्तर नाही. आम्ही दुसरी पाळी बंद न करता सर्वांचे ओव्हरटाइम थांबवले आणि दोघा भागीदारांनी उचल अर्ध्यावर आणली. माणूस एकही कमी केला नाही. तो निर्णय रस्किनमुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण चांगला सेटर एकदा गेला की पुन्हा मिळत नाही हा हिशोबही त्यात होता. परंतु दोन्ही कारणे एकाच दिशेला बोट दाखवत असताना निर्णय लवकर होतो.

रस्किनचे एक म्हणणे मात्र मला मान्य नाही. एका कामाचा मोबदला कारागिराच्या कसबाप्रमाणे कमी-जास्त न ठेवता एकच ठेवावा, चांगल्याला काम द्यावे आणि वाईटाला देऊ नये, असे ते म्हणतात. बिशपची नेमणूक आपण सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला देत नाही, असा त्यांचा दाखला आहे. दाखला छान आहे, पण शिकाऊ मुलगा सेटर होईपर्यंतची वर्षे त्यात कुठे बसवायची हे कळत नाही. ज्याला 'वाईट' म्हणून काम नाकारायचे तोच पुष्कळदा दोन वर्षांनी चांगला होणार असतो.

आता इतिहासाच्या कपाटाबद्दल. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' मी शाळेत नावापुरते ऐकले होते. शिवछत्रपतींपासून करवीरच्या संभाजीराजांपर्यंत पाच छत्रपतींच्या कारकिर्दी पाहिलेल्या माणसाने १७१५ च्या सुमारास लिहिलेले हे पुस्तक आमच्याच गादीसाठी लिहिलेले आहे. पाने थोडी, पण हे लवकर वाचून होणारे पुस्तक नव्हे. फारसी आणि संस्कृत शब्दांनी भरलेली भाषा प्रत्येक वाक्याशी थांबवते, आणि ते थांबवणेच उपयोगाचे ठरते. साहुकार हे राज्याचे भूषण आहे, परमुलखातून त्याला बोलावून पेठांत वसवावे, त्याला उपद्रव लागू देऊ नये, कारण त्याच्यामुळे न मिळणारी वस्तू राज्यात येते आणि अडचणीत कर्ज मिळते, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. व्यापाराच्या निमित्ताने आलेल्या टोपीकरांना, म्हणजे युरोपीय लोकांना, मात्र समुद्रकाठी जागा देऊ नये, आत मोठ्या गावाशेजारी सखल जागी द्यावी, म्हणजे त्यांचा बंदोबस्त राहील, हेही आहे. एकाच ग्राहकावर अवलंबून राहिलेल्या जॉबवर्कवाल्याने हे प्रकरण आपल्या मोठ्या ग्राहकाकडे पाहत वाचावे. आरमाराच्या लाकडासाठी रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा भाग तर पुष्कळांना पाठ असतो.

माझ्या कामाचा भाग वृत्ती आणि वतनांचा, म्हणजे वंशपरंपरेने चालणाऱ्या हक्कांचा, निघाला. नोकरीचे फळ म्हणून वतन देत गेले तर राज्य तेवढे कमी होत जाते आणि वतनदार हे पुढे राज्याचे लहान-लहान भागीदार होऊन बसतात, म्हणून नव्या वृत्ती देण्यात राजाने फार सावध असावे, असा त्यातला विचार आहे. हे दुसऱ्यांदा वाचताना समोर ठेवायला प्रश्न तयारच होता. मशीनिंगमधून निघणारा कास्ट आयर्नचा चुरा, ज्याला आमच्याकडे बोरिंग म्हणतात, तो उचलण्याचा ठेका वडिलांच्या काळापासून एकाच माणसाकडे होता. वडिलांच्या एका अडचणीच्या वेळी त्याने रोख रकमेची मदत केली होती आणि त्या उपकाराची फेड म्हणून दर न विचारता ठेका त्याच्याकडे राहिला होता. उपकार खरा होता, पण फेड कधी संपणार हे कुठेही ठरलेले नव्हते. मी त्याला घरी बोलावले, आईच्या हातचा चहा झाला, आणि सांगितले की वडिलांच्या वेळच्या मदतीबद्दल आम्ही काही रक्कम एकदाच, मानाने देऊ इच्छितो. ठेका मात्र यापुढे दरवर्षी मार्चअखेर दर मागवून ठरेल आणि दर सारखा आला तर पहिला हक्क त्याचा राहील. तो थोडा वेळ गप्प बसला. रक्कम त्याने घेतली नाही. आठवड्याभराने वसाहतीतल्या चालू भावाशी जुळणारा दर लेखी घेऊन आला, आणि ठेका त्याच्याकडेच आहे. फक्त आता त्यावर तारीख असते.